लिंक गटावर टाकू नका, नावानं पाठवा

या वेळचं पत्र इंदापूर तालुक्यातून आलंय. थोडं कापून देते.

"सप्रेम नमस्कार. आमची १९८० ची दहावीची बॅच. चार वर्षांपूर्वी स्नेहमेळावा झाला, फेटे बांधले, जुन्या वर्गात बाकांवर अवघडून बसलो आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपचा गट निघाला. आता ४१ जण आहेत. मी पोस्टातून निवृत्त झालो, म्हणून 'तुला काय, वेळच वेळ आहे' असं म्हणत ॲडमिनपद माझ्या गळ्यात घातलं. गटावर सकाळी फुलं, दुपारी राजकारण, रात्री परत फुलं. दोघं भांडून बाहेर पडले. म्हटलं, काहीतरी बरं द्यावं लोकांना. सुनेला शेजारी बसवून चांगल्या वेबसाइट शोधल्या. काही कामाच्या, काही जुने दिवस आठवतील अशा. ५३ लिंका झाल्या. एका रविवारी सगळ्या टाकल्या. ७ अंगठे आले, २ नमस्कार आले आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी त्याखाली मूळव्याधीवरचा उपाय टाकला. आमच्यातल्या एकाचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. तो गटात आहे, पण चार वर्षांत एक अक्षर लिहिलेलं नाही. त्याच्यासाठी तर मी मुद्दाम दोन लिंका घातल्या होत्या. मुलगा म्हणतो, बॅचची स्वतःची वेबसाइट काढू. काढावी का? आणि माझ्या यादीचं चुकलं कुठं? – ॲडमिन (नाइलाजाने)"

ॲडमिनसाहेब,

यादी चांगली आहे. तुम्ही सोबत जोडली होती, मी सगळी बघितली. पण तुम्ही आयुष्यभर टपाल वाटलंत, तेव्हा हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे जरा जास्तच होतंय: ५३ पाकिटं एकाच पेटीत टाकलीत आणि एकावरही नाव घातलं नाहीत. बिनपत्त्याचं टपाल शेवटी आरएलओत, म्हणजे न पोचलेल्या पत्रांच्या कचेरीत जातं ना? तसंच झालं.

मला हे कळतं, कारण मीही तेच करून बसलेय. मी ग्रंथपाल होते, याद्या करणं हा हाताला लागलेला रोगच. आमच्या मैत्रिणींच्या गटावर मी एकदा अशीच विषयवार यादी टाकली, वर क्रमांक वगैरे घालून. एकीचा संध्याकाळी फोन. "अगं, ते वाचून मला पोर्शन पूर्ण न झाल्यासारखं वाटलं." तेव्हापासून मी एक रीत धरलीय, आणि ती लोकांना उलटी वाटते. आठवणीचं जे असेल ते एकेकट्याला पाठवायचं. कामाचं जे असेल ते चारचौघांत बसून करायचं. आपण नेमकं याच्या विरुद्ध करतो. जुन्या गोष्टी गटावर उधळतो आणि बँकेची, पेन्शनची कामं घरात एकटे बसून, चष्मा पुसत, चिडचिड करत करतो.

आधी आठवणीचं बघू.

तुमच्या यादीत पहिल्या नंबरावर बालभारती आहे, ते योग्यच. संस्था १९६७ ची. तुम्ही पहिलीत गेलात तेव्हा ती पुस्तकं नवी होती, म्हणजे त्यांच्यावर वाढलेल्या पहिल्या काही बॅचपैकी तुम्ही. जुन्या अभ्यासक्रमांची पुस्तकं त्यांनी स्कॅन करून ई-बालभारतीवर ठेवलीत, फुकट. पण तुम्ही काय केलंत? सगळ्या संग्रहाची लिंक दिलीत. एकसष्टीतला माणूस ती उघडतो, त्याला इयत्ता, विषय, माध्यम, वर्ष असे रकाने दिसतात. तो म्हणतो "वा, छान" आणि बंद करतो. पुस्तक उतरवून घ्यायचं म्हटलं तर फाइल जड, फोन भरलेला.

तुम्ही असं करा. दुपारी निवांत तिसरीचं किंवा चौथीचं पुस्तक उघडा. तुमच्या वर्गातल्या कुणाची तरी एक कविता असणारच. म्हणजे ती कविता लिहिली दुसऱ्या कुणी, पण तुमच्या शाळेपुरती ती त्या मुलीची. झेंडावंदनाला तिनं म्हटली, तिसऱ्या कडव्याला अडली, बाईंनी पहिला शब्द पुटपुटला आणि मग गाडी पुढे गेली. ते पान दोन बोटांनी मोठं करा, चित्रासकट स्क्रीनशॉट घ्या, कडा कापा, आणि तिला एकटीला पाठवा. खाली एवढंच: "तिसरं कडवं." बास. लिंक नको, माहिती नको, 'आपले बालपण' अशी गुलाबी अक्षरं तर मुळीच नकोत. उत्तर आलं नाही तर माझं नाव बदला. आणि ते उत्तर तीच गटावर टाकेल, तुम्ही टाकू नका.

एक सांभाळा. आठवी ते दहावीचं मराठी, म्हणजे कुमारभारती, बालभारतीचं नव्हे, एसएससी बोर्डाचं होतं. ते तिथं शोधत बसून वेळ घालवू नका. पहिली ते सातवीच बघा. तसंही चित्रं तिथलीच डोक्यात राहिलेली असतात.

'किशोर' मासिकाचंही असंच. पहिला अंक नोव्हेंबर १९७१ चा, संपादक वसंत शिरवाडकर. तेव्हा तुम्ही दुसरीत होता. सगळे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. पण तुमच्या वर्गात 'किशोर' कितीजणांच्या घरी येत असेल? दोघांच्या, फार तर तिघांच्या. बाकीच्यांनी शाळेच्या कपाटातून, तेही नंबर लावून वाचला. म्हणून तो अंक आधी त्याला पाठवा, ज्याच्या घरी तो यायचा आणि जो कुणाला द्यायचा नाही. मुखपृष्ठ पाठवून विचारा, "आता तरी देतोस का?" गटात हसण्याला निमित्त नसतं म्हणून मूळव्याध येते, ॲडमिनसाहेब.

आता तुमचा तो न बोलणारा मित्र. तुम्ही पत्रात त्याच्यासाठी दोन ओळी खर्च केल्यात, मी जरा जास्त करणार आहे.

त्याच्यासाठी तुम्ही घातलेल्या लिंका मी बघितल्या. एक धरणाच्या माहितीची, किती टीएमसी, किती दरवाजे. दुसरी पाणी उतरल्यावर वर आलेल्या पळसदेवच्या देवळाच्या फोटोंची. फोटो सुरेखच आहेत. पण ते काढले कुणी? पुण्यामुंबईहून कॅमेरे घेऊन आलेल्यांनी. त्यांना ते देखणं अवशेष दिसतं. ज्याची आजी त्या पायऱ्यांवर बसायची त्यानं त्या फोटोला अंगठा दाखवायचा की बदाम? धरण १९८० ला पुरं झालं, म्हणजे तुमची दहावी आणि त्याचं उठलेलं घर एकाच सुमाराचं. तुमच्या बॅचचं वर्ष गटाच्या नावातच आहे, आणि तो ते रोज वाचतो.

त्याला एक वेगळी गोष्ट पाठवता येईल. अमेरिकेच्या लष्कराच्या नकाशा खात्यानं १९५० च्या दशकात भारत आणि पाकिस्तानचे नकाशे काढले होते, यू ५०२ या मालिकेचे. ते आता टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तान्येदा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. पहिल्या पानावर सगळ्या देशाची चौकटी-चौकटींची सूची येते. त्यात पुणे आणि सोलापूर यांच्या मधली चौकट धरा आणि इंदापूर शोधा. गावांची नावं इंग्रजीत आहेत आणि स्पेलिंगं अशी की आपलंच गाव परकं वाटावं. पण त्यात भीमा आहे. धरणाच्या आधीची, आपल्या पात्रातून वळणं घेत जाणारी भीमा. आज तुम्ही फोनवर नकाशा उघडला की तिथं नुसता निळा फुगवटा दिसतो. जुन्या नकाशात त्या निळ्याच्या जागी गावं, वाटा आणि जुना रेल्वेमार्ग आहे, तोच, जो पाण्यामुळे हलवला आणि ज्याचा डिकसळचा पूल मग रस्त्याला वापरला गेला.

तो तुकडा कापा. त्याच्या गावाचं नाव सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तरी नदीचं वळण सापडेल, आणि नदीकाठच्या माणसाला तेवढं पुरतं. त्याला एकट्याला पाठवा. "बघ तुझं गाव" असं लिहू नका. ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. विचारा: "नदी तुमच्या गावाच्या कुठल्या अंगानं जायची रे? मला नकाशात लागेना." तुम्ही पोस्टातले असून तुम्हाला पत्ता लागेना म्हटल्यावर तो सांगेल.

किंवा नाही सांगणार. ती शक्यता धरून चाला. माझी एक मैत्रीण कोयनेकडची. तिला मी असाच तुकडा पाठवला, मोठ्या कौतुकानं. दोन निळ्या खुणा आल्या आणि मग अकरा दिवस काहीच नाही. मला वाटलं, दुखावली. बाराव्या दिवशी चार मिनिटांचा आवाजी निरोप आला. त्यात निम्मा वेळ ती रडत नव्हती, भांडत होती. त्या नकाशात ओढा चुकीच्या बाजूला दाखवलाय म्हणून! अमेरिकन लष्कराशी तिचं ते भांडण अजून चालू आहे. तुमच्या मित्राला तेवढेही दिवस द्या. मध्ये "मिळालं का?" असं विचारू नका.

बाकीच्या आठवणींच्या जागांवर मी फार रेंगाळत नाही. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गाण्याचे शब्द कवी, संगीतकार, गायक अशा तिन्ही अंगांनी शोधता येतात. भेंड्यांमध्ये चुकीचा शब्द रेटणारा एक प्रत्येक वर्गात असतो, त्याच्यासाठी ते जपून ठेवा. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला, पहिला खंड १९७६ चा. गटावरच्या निम्म्या वादांना तिथली एक नोंद पुरते, पण वाद मिटवायचेत का हे आधी ठरवा. काही गट वादांवरच जिवंत असतात. आणि ज्याला मोतीबिंदूमुळे नाहीतर साखरेमुळे वाचता येत नाही, त्याच्या फोनवर आकाशवाणीचं न्यूजऑनएअर टाकून द्या. पुणे केंद्र लागलं की त्याला स्वयंपाकघरातला जुना रेडिओ ऐकू येईल, त्याला डोळ्यांची गरज नाही.

आता कामाचं. हे गटावर टाकूच नका. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओट्यावर पाच-सहा जण जमा. ज्याच्याकडे वायफाय, त्याच्याकडे बैठक. चष्मे, आधार, चार्जर आणि चहा. एका बैठकीला एकच संकेतस्थळ.

पहिल्या बैठकीला मी उद्गम घेईन. हे रिझर्व्ह बँकेचं, ऑगस्ट २०२३ पासूनचं. बँकेत जे खातं किंवा जी ठेव १० वर्षं कुणी हलवली नाही, तिचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. बुडत नाहीत. वारसाला बँकेकडून ते मागता येतात, अडचण एवढीच की खातं कुठल्या बँकेत होतं हे कुणाला आठवत नाही. तुमच्या वयाच्या प्रत्येकाच्या घरात गेलेल्या वडिलांची एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात तळाशी एक पासबुक, ज्याच्या शाखेचं नाव वाळवीनं खाल्लेलं. उद्गमवर आपल्या मोबाइल नंबरानं नोंदणी करायची, वडिलांचं नाव घालायचं, बँका निवडायच्या, आणि पॅन, मतदार ओळखपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी जे असेल ते भरायचं. नावाची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी घालून बघा. जुन्या कारकुनांनी 'दत्तात्रय' सहा तऱ्हांनी लिहिलेला आहे. सापडलं तर पुढचं काम बँकेच्या शाखेत, संकेतस्थळ फक्त दाखवतं. तिथं ३० बँका आहेत, पतसंस्था नाहीत. तेव्हा तुमच्याकडच्या पतसंस्थांमध्ये अडकलेल्यांना उगाच आशा लावू नका.

हे एकत्र का करायचं? एकट्यानं केलं आणि काही सापडलं नाही तर माणूस खट्टू होतो. पाचजणांत केलं की कुणाला तरी सव्वातीनशे रुपये सापडतात आणि दिवसभर त्याच्याकडे पार्टी मागता येते. दुसरं म्हणजे पेटीतलं पासबुक बाहेर आलं की वडील बाहेर येतात. ते ऐकायला कुणीतरी असलेलं बरं.

नोव्हेंबरच्या बैठकीला जीवन प्रमाण. तुमच्यात जे सरकारी नोकरीतून निवृत्त आहेत, त्यांना हयातीच्या दाखल्यासाठी आता बँकेत रांग लावायला नको, फोनसमोर चेहरा धरून तो देता येतो. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन ॲप लागतात. तुम्ही स्वतः पोस्टातले, हे तुम्हीच शिकवा. चेहऱ्यावर उजेड समोरून पडू द्या. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा फोनला दिसत नाही आणि मग तो सरकारला शिव्या देतो.

ज्यांची आई किंवा वडील आहेत अजून, आणि एकसष्टीत ते असणं हे भाग्यच, त्यांनी ७० वर्षांवरच्यांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का ते विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. सातबारा महाभूलेखवर नुसता बघायला फुकट आहे, सहीचा डिजिटल हवा तर १५ रुपये. तालुक्याला खेप घालण्यापेक्षा स्वस्त. बाकी तुमच्या यादीतल्या आरोग्याच्या बारा लिंका मी काढून टाकल्यात, त्यातल्या नऊ काहीतरी विकणाऱ्या होत्या.

आता वेबसाइट. काढू नका.

मुलाचा उत्साह चांगला आहे, त्याला दुखवू नका. पण अशा जागांचं पुढे काय होतं ते त्याला दाखवा. ब्रिटनमध्ये २००० साली जुन्या वर्गमित्रांना शोधण्यासाठी फ्रेंड्स रियुनायटेड निघालं. इतकं चाललं की २००५ मध्ये आयटीव्ही या वाहिनी कंपनीनं ते तब्बल १२ कोटी पौंडांना घेतलं. २०१६ मध्ये बंद. आपल्याकडे ज्यावर सगळ्यांनी एकमेकांना शोधलं ते ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला मिटलं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये गेले. या मोठमोठ्यांची ही कथा. मग एका मुलाच्या कार्डावरून दर वर्षी पैसे कापले जाणारी ४१ जणांची वेबसाइट किती टिकेल? मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, कार्ड बदललं, नूतनीकरण राहिलं, की त्या नावावर उद्या रमीचा जुगार चालू झालेला दिसेल. असं होतं, मी पाहिलंय.

त्यापेक्षा दहावीचा वर्गाचा फोटो घ्या. तो नीट स्कॅन करा, मोबाइलनं काढलेला फोटोचा फोटो नको, काचेची चमक येते. एक प्रत गूगल ड्राइव्हवर, बाकी दोन पेन ड्राइव्हवर, तेही दोन वेगळ्या घरांत. आणि मुख्य म्हणजे छापून घ्या. पाठीमागे पेन्सिलीनं, रांगेनं, डावीकडून उजवीकडे नावं लिहा. शाईनं नको, ती कागदातून पुढे येते. उभ्यांच्या मागच्या रांगेत एक-दोन चेहरे कुणालाच ओळखू येणार नाहीत. ते मग गटावर टाका, तो चेहरा कापून: "हा कोण?" गटासाठी एवढं एकच काम ठेवा. ४१ जणांची आठवण एकत्र लागते अशी ही एकमेव गोष्ट.

शेवटचं एक, कारण तुमच्या गटावर ते आज ना उद्या होणार. कुणाचं तरी व्हॉट्सॲप भामटे ताब्यात घेतील आणि त्याच्याच नावानं, त्याच्याच फोटोनं सगळ्यांना निरोप येईल: दवाखान्यात आहे, लगेच दहा हजार पाठव. शाळेतल्या मित्राला माणूस नाही म्हणत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. उशीर केला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. पण पाठवण्याआधी मित्राला साधा फोन लावा, आणि फोनवरही आवाज ओळखीचा वाटला नाही तर त्याला विचारा की आपल्या भूगोलाच्या सरांना मुलं काय म्हणायची. ते कुठल्याही वेबसाइटवर नाही.

पुढच्या पत्रात ते टोपणनाव मला कळवायचा मोह होईल तुम्हाला. कळवू नका. गटातच राहू द्या.